परवलीचे शब्द आणि रचनेचे नमुने

ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक निराळीच तऱ्हा दिसू लागली आहे. पूर्वी मुलाने कोणती शाखा घ्यावी, मुलीस वसतिगृहात ठेवावे की नातलगांकडे, अशा स्वरूपाचे प्रश्न असत. आता प्रश्नाच्या पोटी एखादा असा शब्द असतो की, तो लिहिणारासही त्याचा अर्थ ठाऊक नसावा, अशी शंका वाचणारास यावी. पुसदच्या एका भगिनीचे पत्र ह्याच जातीचे आहे. त्यांचा मुलगा संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षास आहे. 'डिझाइन पॅटर्न' आणि 'मायक्रोसर्व्हिसेस' ह्या दोन विषयांचा अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून चांगली नोकरी लागत नाही, असे त्यास सांगण्यात आले असून एका शिकवणीवर्गाने त्यासाठी पंच्याऐंशी हजार रुपये मागितले आहेत. घर तीन भावांचे, एकत्र. रक्कम काढावयाची ती हळदीच्या पैशांतून. आणि त्यास थोरल्या दिरांची संमती हवी. दीर एवढेच विचारतात की, ‘हे आहे तरी काय?’ भगिनी लिहितात, ‘मला सांगता आले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मुलालाही सांगता आले नाही. त्याला तेवीस नावे मात्र तोंडपाठ आहेत.’

थोरल्या दिरांचा हा प्रश्न आम्हांस फार मार्मिक वाटला. तो विचारावयाचे धैर्य मोठमोठ्या कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांसही होत नाही.

उमरखेडासारख्या ठिकाणी बसून आम्ही संगणकाच्या शास्त्रावर लिहावे ह्याचे कोणास नवल वाटेल. पैनगंगेच्या काठचा हा तालुका. हळद, कापूस, सोयाबीन, ऊस ह्यांवर येथील घरे चालतात, आणि नदी ओलांडली की मराठवाडा लागतो. परंतु दिवाळीत येथील कोणत्याही सुशिक्षित घराच्या ओसरीवर जाऊन बसा. चार तरुण असतील तर त्यांतील एक-दोघे तरी पुण्यास हिंजवडीस किंवा बंगळूरास प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीवर असतात, आणि एखादी सून अमेरिकेहून रात्री उशिरा दूरध्वनीवर बोलत असते. तेव्हा हा विषय परका राहिलेला नाही. फराळाच्या ताटापर्यंत तो येऊन पोहोचला आहे. फक्त तो आपल्या भाषेत कोणी सांगत नाही, एवढेच.

डिझाइन पॅटर्न म्हणजे रचनेचा नमुना. मराठवाड्याच्या कोरड्या भागात जुनी घरे माळवदाची असत. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या पसरून वर पांढऱ्या मातीचा थर दाबावयाचा, म्हणजे उन्हाळ्यात घर थंड राही आणि छतावर धान्य वाळविता येई. कोकणात मात्र उतरती कौले. एखाद्या हौशी गृहस्थाने माळवद पाहून मोहित व्हावे आणि वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात जाऊन तेच बांधावे, तर श्रावणापर्यंत ते त्याच्या अंगावर येईल. ह्यात माळवदाचा दोष नाही. माळवद हे एका अडचणीचे उत्तर आहे, आणि ती अडचण कोरड्या हवेची आहे. अडचण, तिची परिस्थिती आणि तिचे उत्तर हे तिन्ही एकत्र असतात तेव्हा त्यास नमुना म्हणावयाचे. नुसते उत्तर उचलले की ते नक्कल होते.

ही कल्पना आम्हांस सुचलेली नव्हे. तिचा जनक ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा १९३६ साली व्हिएन्ना येथे जन्मलेला, इंग्लंडात वाढलेला आणि अमेरिकेत नावारूपास आलेला वास्तुशास्त्रज्ञ. आमच्या वाचकांस विशेष कौतुक वाटावे अशी गोष्ट ही की, त्याच्या विचाराची एक पायरी आपल्या देशातील खेड्यात आहे. तरुणपणी तो गुजरातेतील बावरा नावाच्या गावी काही महिने राहिला. १९६४ साली त्याने जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या अखेरीस उदाहरणादाखल सहाशे वस्तीच्या एका हिंदी खेड्याची रचना घेतली आहे, आणि गुरे, चारा, पाणी, शेत, रूढी ह्यांपासून उत्पन्न होणाऱ्या एकशे एकेचाळीस गरजा एकीपुढे एक मांडल्या आहेत. आधी एकशे एकेचाळीस गरजा, मग घर कोठे आणि विहीर कोठे. पुढे १९७७ साली त्याने आपल्या सहकाऱ्यांसह दोनशे त्रेपन्न नमुन्यांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात शहराच्या मांडणीपासून खिडकीजवळच्या बसण्याच्या जागेपर्यंत सारे आहे, आणि आपल्याकडील ओसरी, पडवी, चौक ह्यांची आठवण व्हावी असेही पुष्कळ आहे.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींनी ही कल्पना उसनी घेतली. १९९४ साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस ह्या चौघांनी आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यात तेवीस नमुने आहेत. पुसदच्या मुलाने पाठ केलेली ती हीच तेवीस नावे. नावे परकी असली तरी मागील गोष्टी आपल्या नित्याच्या आहेत. 'ऑब्झर्व्हर' म्हणून जो नमुना आहे, तो ह्या मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीहून निराळा नाही: ज्याने नाव नोंदविले त्यास अंक निघताच तो जातो, संपादकास प्रत्येकाच्या घरी जाऊन ‘अंक हवा काय?’ असे विचारावे लागत नाही, आणि वर्गणीदारासही रोज टपालकचेरीत खेपा घालाव्या लागत नाहीत. 'सिंगलटन' म्हणजे संपूर्ण प्रोग्रामात ज्या वस्तूची एकच प्रत असावयाची ती. घरातील कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा समजा.

येथपर्यंत कोणी तक्रार करावी असे काही नाही. त्या चौघांवर तर आमचा मुळीच रोष नाही, कारण त्यांनी प्रत्येक नमुन्याबरोबर तो केव्हा लागू पडतो आणि वापरल्याने कोणते इष्टानिष्ट परिणाम होतात, ह्यांची स्वतंत्र कलमे लिहिली आहेत. पण पुस्तक हाती आल्यावर लोक काय करतात हे ग्रंथकाराच्या स्वाधीन नसते. औषधाच्या बाटलीवरील नाव सर्वांनी वाचले. मात्रा आणि पथ्य कोणी वाचले नाही. थोड्याच वर्षांत नोकरीच्या मुलाखतींत ‘अमुक नमुना सांगा’ असे प्रश्न येऊ लागले, प्रश्न आले म्हणून शिकवण्या निघाल्या, आणि शिकवण्यांतून निघालेली मुले पुढे नोकरीवर गेल्यावर जेथे एक ओळ पुरे तेथे पाच फायली करू लागली. ह्या मुलांस आम्ही हसत नाही. ज्यास परीक्षेत नमुन्याचे नाव विचारले गेले आणि गरज कधीच विचारली गेली नाही, त्याने नाव शिकावे हे स्वाभाविकच आहे.

ह्या सर्व प्रकरणाची खरी परीक्षा १९९६ सालीच झाली होती. पीटर नॉर्विग नावाच्या विद्वानाने ते तेवीस नमुने घेऊन असे दाखविले की, त्यांपैकी सोळा नमुने लिस्प किंवा डायलन ह्यांसारख्या अधिक लवचीक संगणकभाषांत एक तर फार सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. म्हणजे काय? उमरखेडास किंवा पुसदेस ज्या घरी नळाला चौथ्या दिवशी पाणी येते, तेथे गच्चीवर टाकी, न्हाणीत पिंप, स्वयंपाकघरात माठ आणि त्याखाली कळशी ही सारी व्यवस्था शहाणपणाची आहे; तीत गृहिणीची बुद्धी दिसते. पण ज्या घरी अहोरात्र पाणी आहे, त्या घरच्या सुनेने ‘आमच्या माहेरी अशीच उतरंड होती’ म्हणून सात पिंपे मांडली, तर ती केवळ अडगळ. पुष्कळसे नमुने हे असे एका विशिष्ट भाषेच्या तुटवड्यावरचे उपाय होते. तुटवडा गेला तरी पिंपे राहिली. किंबहुना पिंपे मोजून घराची श्रीमंती ठरू लागली.

मूळ ग्रंथकारांसही हे दिसत होते. पंधरा वर्षांनी, २००९ साली, एरिक गामा ह्यांनी एका मुलाखतीत 'सिंगलटन' हा नमुना यादीतून काढून टाकावा असे मत दिले. तो जेथे दिसतो तेथे बहुधा रचनेतच काही बिघाड असतो, असे त्यांचे म्हणणे. आणि अलेक्झांडरची गोष्ट तर अधिकच बोधक आहे. १९६४ च्या ग्रंथावरून लोकांनी 'रचनापद्धती' नावाचे स्वतंत्र शास्त्र उभे केलेले पाहून, १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने ते शास्त्र सपशेल नाकारले. प्रत्यक्ष रचना करणे आणि रचनेचा अभ्यास करणे ही निराळी काढता येत नाहीत, असे त्याने बजावले. १९९६ साली कॅलिफोर्नियातील सान होजे येथे प्रोग्रामकारांच्या परिषदेत त्यास सन्मानाने बोलाविले, तेव्हाही ह्या गृहस्थाने स्तुतीने विरघळून न जाता उलट विचारले की, तुमच्या ह्या नमुन्यांनी तुमचे प्रोग्राम खरोखरच अधिक चांगले होतात काय? तो २०२२ साली निवर्तला.

नाव वस्तूहून मोठे होते तेव्हा काय घडते हे पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. वऱ्हाडात वा मराठवाड्यात कोणत्याही गावी जुने दगडी देऊळ दिसले की गावकरी अभिमानाने सांगतो, ‘हे हेमाडपंती.’ हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री. काळ तेरावे शतक. चुन्यावाचून, दगडास दगड खाचून बसविण्याची जी पद्धती त्याच्या नावे ओळखली जाते, ती त्याच्या फार पूर्वीपासून ह्या देशात रूढ होती. अंबरनाथचे शिवमंदिर लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच. त्याच्या शिलालेखातील साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे! ज्या शिलाहारांच्या काळी ते झाले त्यांचे नाव सामान्य माणसास आठवत नाही; ज्या पाथरवटांनी ते घडविले त्यांचे तर कोणासच ठाऊक नाही. हेमाडपंती म्हटले की पुढचे विचारणे थांबते. हा दगड कोणत्या खाणीचा, भार कशावर तोलला आहे, शिखराचे वजन खांबांवर कसे उतरते, पावसाचे पाणी कोठून वाहून जाते, हे प्रश्न मग पुरातत्त्ववाल्यांसाठी उरतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यातील पुष्कळ शब्दांनी हेच केले आहे. 'अजाइल', 'क्लाउड-नेटिव्ह', 'स्केलेबल' असे म्हटले की प्रश्न विचारणारा अडाणी ठरतो.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो. गेल्या दिवाळीत आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांचा नातू पुण्याहून आला होता. 'इव्हेंट सोर्सिंग' नावाची एक प्रगत पद्धती आपण नुकतीच शिकलो, असे तो उत्साहाने सांगत होता. मार्टिन फाउलर ह्यांनी २००५ साली ह्या नावाने तिच्यावर लिहिले आहे. पद्धतीचे सार असे: खात्यात आज किती रक्कम आहे एवढेच लिहून न ठेवता प्रत्येक घडलेली घटना क्रमाने लिहावयाची, लिहिलेले कधी खोडावयाचे नाही, चूक झाली तर ती दुरुस्त करणारी नवी नोंद करावयाची, आणि आजची शिल्लक हवी असेल तेव्हा त्या नोंदींवरून काढावयाची. हे सर्व चालू असता त्याचे पणजोबा, वय वर्षे ब्याण्णव, एका अडत्याकडे चाळीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केलेले, आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, ‘अरे, ही तर रोजकीर्द. आणि ती शिल्लक म्हणतोस ती खतावणी.’

नातू प्रथम हसला आणि मग गप्प बसला, कारण म्हातारबुवांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांनी पुढे जे सांगितले ते कोणत्याही शिकवणीवर्गात सांगत असतील असे वाटत नाही. रोजकिर्दीत खाडाखोड केलेली सापडली तर मालक मुनिमास त्याच दिवशी घरी पाठवी. का, तर भांडण कोर्टात गेले की खोडलेल्या वहीस किंमत राहत नाही. पण, ते म्हणाले, घरच्या किराण्याला आम्ही कधी खतावणी घातली नाही. वाण्याची वही पुरे. म्हणजे पद्धत कशासाठी आहे आणि कोठे ती नको, ही दोन्ही अंगे त्यांना ठाऊक होती. नातवास फक्त तिचे नाव आणि आकृती ठाऊक होती.

ह्याचेच दुसरे रूप आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आहे, आणि तेथे तर शब्दही 'नमुना' हाच. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्काचे पत्रक, बारा म्हणजे पिकांची नोंद; दोन्ही मिळून आपला सातबारा. आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकंदर जमिनीचा उतारा. परंतु ह्या साऱ्यांचा कणा सहावा नमुना आहे: फेरफार. वडील वारले, जमीन विकली, बोजा चढला, काहीही घडले तरी ते प्रथम फेरफाराच्या नोंदवहीत क्रमांकाने उतरते. संबंधितांस नोटीस जाते, हरकत घेण्यास पंधरा दिवस मिळतात. नोंद प्रमाणित झाल्यावरच सातव्या नमुन्यावर तिचा अंमल होतो. आणि जुने नाव पुसत नाहीत, त्यास कंस करतात. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा वाद उकरून निघाला तरी कोणत्या फेरफाराने कोणाचे नाव गेले ते सापडते. महाराष्ट्र शासनाने पुढे हे दप्तर संगणकावर नेले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या हाती फोनवर करावी अशी 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू केली, तरी फेरफार हा फेरफारच राहिला. ही रचना ज्यांनी केली त्यांच्यापुढे नमुन्यांचा ग्रंथ नव्हता. त्यांच्यापुढे भाऊबंदकी होती.

भाऊबंदकी नसती तर फेरफाराची वही निघाली नसती, हे ध्यानात घ्यावे. गरज प्रथम, नमुना नंतर.

ह्या उलट क्रमाने काय होते त्याचेही उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. येथून फार दूर नसलेल्या एका पतसंस्थेत बारा वर्षे एकाच संगणकावर एक साधा प्रोग्राम चालत असे. गावच्याच एका तरुणाने तो लिहिलेला. दिसावयास ओबडधोबड, पण रोज सायंकाळी दिवसाचा हिशेब कागदावर छापून निघे आणि जुळे. दोन वर्षांपूर्वी एक प्रतिनिधी आला. त्याने संचालक मंडळास पडद्यावर रंगीत आकृत्या दाखविल्या आणि 'मायक्रोसर्व्हिसेस', 'क्लाउड', 'ब्लॉकचेनसज्ज' हे शब्द उच्चारले. मंडळात वकील होते, निवृत्त मुख्याध्यापक होते, मोठे बागाईतदार होते. बैल विकत घेताना त्याचे दात मोजल्यावाचून पैसे न देणारी ही माणसे. ह्या वेळी कोणी दात मोजले नाहीत, कारण प्रत्येकास वाटले की शेजाऱ्यास समजले आहे.

मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे एका प्रोग्रामाचे अनेक लहान, स्वतंत्र तुकडे करावयाचे आणि त्यांनी तारेवरून एकमेकांशी बोलून काम उरकावयाचे. जेथे शेकडो प्रोग्रामकार निरनिराळ्या तुकड्यांवर एकाच वेळी काम करतात, तेथे एकाने दुसऱ्याची वाट अडवू नये म्हणून ही सोय आहे. लग्नघरी दीड हजार पान उठावयाचे तर भाताचे आचारी निराळे, बुंदीचे निराळे, वाढपी निराळे. चार माणसांच्या घरी तीच व्यवस्था केली तर वरण एका घरी, भात दुसऱ्या घरी, आणि मध्ये निरोप्या. पतसंस्थेची शाखा एक, कारकून तीन. ठेवींचा तुकडा वेगळा झाला, व्याजाचा वेगळा, पासबुक छापण्याचा वेगळा. वीज गेली, किंवा जाळे मंदावले, की एका तुकड्याचा निरोप दुसऱ्यास पोहोचत नसे. एके दिवशी एका वृद्ध विधवाबाईंनी नातवाच्या फीसाठी मुदत संपलेली ठेव काढावयास हात पसरला, तर पडद्यावर ठेवच दिसेना. बाई घाबऱ्या झाल्या; बाहेर रांगेत कुजबूज सुरू झाली, आणि पतसंस्थेच्या दारातील कुजबूज ही काय वस्तू आहे ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या दिवशी संस्थेची अब्रू राखली ती एका जुन्या कारकुनाने. तो नव्या व्यवस्थेवर विश्वास न बसल्यामुळे दोन महिने पेन्सिलीने जोडवही ठेवीत आला होता. बाईंस पैसे मिळाले. संस्था पुढे काय करणार हे अद्यापि ठरलेले नाही. करार तीन वर्षांचा आहे.

मोठ्यांच्या घरीही ह्याहून फारसे निराळे नाही. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ ह्या शाखेतील एका तुकडीने २०२३ साली प्रसिद्ध केले की, चित्र आणि ध्वनी ह्यांची प्रत तपासण्याची आपली विखुरलेली यंत्रणा त्यांनी पुन्हा एकत्र बांधली आणि तिचा चालविण्याचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक उतरला. सर्वच कामांस हा हिशेब लागू पडेल असे त्यांनी म्हटले नाही व आम्हीही म्हणत नाही. एकत्र कुटुंबाचा कैवार घेणाऱ्या मासिकात ही बातमी किंचित आनंदाने छापली जाईल, एवढे मात्र कबूल.

शब्दांची ही साथ नवी नाही. १९७० साली विन्स्टन रॉयस ह्यांनी पायरीपायरीने खाली उतरणाऱ्या कामाची आकृती काढून, हे असेच केले तर धोका आहे असे तेथेच लिहिले. पुढच्यांनी आकृती उचलली, तिचे 'वॉटरफॉल' असे बारसे केले आणि तोच आदर्श ठरविला. त्यास कंटाळून २००१ साली युटा संस्थानातील सतरा जणांनी... नव्हे, युटा येथे जमलेल्या सतरा जणांनी 'अजाइल' जाहीरनामा काढला. त्यांतील डेव्ह थॉमस ह्यांनीच २०१४ साली लिहिले की, हा शब्द आता निरर्थक झाला असून टाकून द्यावा. शहाणे बोल फार पूर्वी, १९८६ साली, फ्रेड ब्रुक्स ह्यांनी बोलून ठेवले होते. सॉफ्टवेअरची खरी अडचण त्याच्या विषयातच असते, साधनांत नसते. म्हणून दहा वर्षांत काम दसपट सुलभ करील असा एकही रामबाण उपाय दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. रामबाण विकणारांचा धंदा मात्र त्यानंतरही मंदावला नाही. सांप्रत बाणावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव असते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आमची एक पुतणी पुण्यात पंधरा वर्षे हेच काम करते. मसुदा तिला वाचून दाखविला तेव्हा ती म्हणाली, ‘काका, तुम्ही नावांवर फार रागावला आहात. मी सहकाऱ्याला ‘येथे ऑब्झर्व्हर लाव’ एवढे म्हणते आणि त्याला समजते. नाव नसते तर अर्धा तास फळ्यावर गेला असता. तुम्ही गायनाला जाता तेव्हा ‘यमन’ म्हटलेले चालते ना?’ हे म्हणणे अगदी रास्त आहे. दोघांनाही वस्तू ठाऊक असेल तर नावासारखी सोय नाही. त्यावर आम्ही विचारले की, मुलाखतीस आलेल्या मुलाची पारख तू कशी करतेस? ती म्हणाली, ‘मी नमुना विचारीत नाही. तू लिहिलेल्यातले काय काढून टाकलेस, आणि का, एवढे विचारते. ज्याने खरोखर काम केले आहे तो त्यावर तासभर बोलतो.’ अशा रीतीने विचारणारे सर्वत्र नसतात, हेही तिने प्रांजळपणे सांगितले. काही ठिकाणी आजही तेवीस नावेच विचारतात, आणि तेथे मुलास ती यावीत हे बरे. पण ती पाठ करण्यास एक पुस्तक आणि एक महिना पुरतो.

आता पुसदच्या भगिनीस उत्तर. थोरल्या दिरांस सांगावे की, हे म्हणजे कसबी कारागिरांच्या जुन्या युक्त्यांची नावे आहेत. युक्त्या चांगल्या आहेत, पण काम केल्यावाचून त्या कळत नाहीत, आणि पंच्याऐंशी हजारांस जी मिळतात ती केवळ नावे. प्रवेशाची मुदत ह्या महिनाअखेर संपते असे आपण लिहिता. ती जाऊ द्यावी. मुलास घरच्या हळदीचा हिशेब संगणकावर मांडावयास सांगावे: बेणे, खत, निंदणीची मजुरी, शिजविण्याचे भाडे, वाळविताना आलेली घट, बाजारातील पट्ट्या, अडत, हमाली, आणि अखेरीस तिघा भावांच्या वाटण्या. पट्टीवरचे वजन आणि घरचे वजन जुळत नाही, उचल घेतलेला मजूर मध्येच जातो, धाकट्या भावाने परस्पर भरलेले पैसे तीन महिन्यांनी कळतात. असल्या गोष्टींची सोय लावताना त्यास तेवीसांपैकी दोन-तीन नमुने आपोआप भेटतील, आणि बाकीचे का भेटले नाहीत तेही उमगेल. माघ-फाल्गुनात हळद निघेल. तोपर्यंत प्रोग्राम उभा राहिला तर पहिली नोंद थोरल्या दिरांनी स्वहस्ते करावी. आणि दुसरी मुद्दाम चुकीची करून, ती दुरुस्त कशी होते ते चष्मा लावून पाहावे.